खाली वळलेली शिंगे : गुंगेरियाच्या चांदीच्या पत्र्यावरून केलेले पोळ्याचे चित्र

गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यातील एका गावात सार्वजनिक वाचनालयाची इमारत दुरुस्त झाली, तेव्हा दर्शनी खोलीत पोळ्याचे एक मोठे चित्र असावे असे पोळा समितीने ठरवले. हे वाचनालय आखराला, म्हणजे गावातील गुरे जमण्याच्या मोकळ्या जागेला, लागून आहे. श्रावण अमावस्येला गावातल्या बैलजोड्या आखरावर तोरणाखाली उभ्या राहतात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हटली जातात आणि पोळा फुटतो, त्यामुळे त्या जागी पोळ्याचे चित्र असणे स्वाभाविक होते. समितीपुढे दोन पर्याय होते. एक, तालुक्याच्या गावातून फ्लेक्स छापून आणणे. दुसरा, गावातच राहणाऱ्या आणि एटीडी (कलाशिक्षक पदविका) केलेल्या एका तरुण चित्रकर्तीला काम देणे. फ्लेक्स दोन पावसाळ्यांत फाटतो हा अनुभव सगळ्यांना असल्याने दुसरा पर्याय मान्य झाला. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच प्लायवर अॅक्रेलिक रंगांत चित्र, रोवणी (धानाची लावणी) आटोपल्यावर सुरुवात, पोळ्यापूर्वी काम पूर्ण आणि मोबदल्याची रक्कम, एवढे एका कागदावर लिहिले गेले. या प्रकरणात माझा संबंध निवृत्त चित्रकला शिक्षक म्हणून सल्ला देण्यापुरता होता. हे टिपण लिहिण्याचे कारण असे की संग्रहालयातील पुरातन वस्तूवरून ऋतुचित्र करायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाची सगळी वळणे या एका कामात दिसली.

वस्तू कोणती आणि ती का

पुरातन वस्तूचा विचार समितीचा नव्हता, तो चित्रकर्तीचा होता. एटीडी करत असताना नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे 1863 साली स्थापन झालेल्या आणि सगळे ज्याला अजब बंगला म्हणतात त्या ठिकाणी, तिने गुंगेरियाच्या तांब्याच्या हत्यारांची पेन्सिलीने रेखाटने केली होती. गुंगेरिया हे गाव आज मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात आहे. 1870 साली तेथे जनावरे चारणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला, तो ओढून काढल्यावर आणखी तुकडे सापडले, आणि पुढे खणल्यावर तांब्याच्या 424 वस्तू व चांदीचे 102 पातळ पत्रे असा मोठा निधी निघाला. तांब्याचेच वजन 829 पौंड, म्हणजे सुमारे 376 किलो भरले. त्यात चपट्या कुऱ्हाडी होत्या, तशाच सब्बलीसारख्या लांब पट्ट्याही होत्या. पुढे हा निधी वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरला. काही भाग नागपूरला राहिला, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला.

चांदीचे पत्रे दोन प्रकारचे आहेत. काही साध्या गोल चकत्या आहेत, तर काही बैलाच्या डोक्याच्या आकाराचे असून त्यांची शिंगे खाली वळलेली आहेत. चित्रकर्तीने हे पत्रे प्रत्यक्ष पाहिले नव्हते. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावरील छायाचित्रांवरून तिने त्यांची बाह्यरेषा उतरवून घेतली. हातात पोळ्याचे काम आणि समोर बैलाचे डोके असलेला पुरातन पत्रा, एवढा योग जुळल्यावर तिने दुसरी वस्तू शोधली नाही, आणि ते योग्यच होते.

समितीतील एकाने रास्त शंका काढली, की बालाघाटची वस्तू आपल्या भिंतीवर कशाला? वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटातून आपल्याकडे येते, आणि 1870 मध्ये हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच होता, हे सांगितल्यावर शंका मिटली. राज्याची सीमा नंतरची आहे, खोरे एकच आहे. धानाची बांधी सीमेच्या अलीकडे जशी आहे तशीच पलीकडेही आहे.

पहिले दोन आराखडे

पहिल्या आराखड्यात आखरावर उभी असलेली सजवलेली बैलजोडी होती, मागे तोरण होते आणि आकाशात चंद्राच्या जागी तो चांदीचा पत्रा मोठा करून काढलेला होता. समितीला हा आराखडा आवडला. मला तो मान्य नव्हता आणि मी तसे स्पष्ट सांगितले. अमावस्येच्या सणात आकाशात चंद्रासारखे काही लटकवणे हा एक दोष झाला, पण खरा दोष निराळा होता. त्या चित्रातून पत्रा काढून टाकला असता तरी चित्रात काहीही बदलले नसते. बैल, तोरण, माणसे सगळी होती तशीच राहिली असती. वस्तू चित्राला चिकटवली होती, तिने चित्रात काही काम केले नव्हते. पुरातन वस्तूवरून प्रेरणा घेतली असे म्हणणाऱ्या बहुतेक चित्रांचे हेच होते. नाणे असेल तर नाणे कोपऱ्यात, मडके असेल तर मडके पुढ्यात ठेवले जाते, आणि बाकीचे चित्र आधीच ठरलेले असते.

दुसऱ्या आराखड्यात तिने उलट टोक गाठले. बैलाचे डोकेच पत्र्याच्या आकाराचे केले. समोरून पाहिलेले, दोन्ही बाजू सारख्या, सपाट, शिंगे दोन्हीकडे खाली वळलेली. चित्र म्हणून ते जोरदार होते. तिने ते वाचनालयात टांगून ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाहू दिले. एका म्हाताऱ्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याने, ते पाहून निकाल दिला, "हा तं हल्या दिसते वो पोरी, बैल नोहे."

हा शेरा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. धानपट्ट्यात चिखलणीला हल्ये म्हणजे रेडे जुंपले जातात, त्यामुळे खाली आणि मागे वळलेली शिंगे म्हणजे हल्या हे इथल्या माणसाच्या डोळ्यात पक्के बसलेले आहे. इथल्या लहान चणीच्या पांढुरक्या बैलांची शिंगे तशी नसतात. पत्रा जसाच्या तसा बैलावर बसवला तर चित्र पाहणाऱ्याशी खोटे बोलत होते, आणि शिंगे बदलून वर केली तर पत्र्यातले जे वेगळेपण होते तेच नाहीसे होत होते. येथे चित्रकर्ती काही काळ अडून राहिली. पत्रा सोडून द्यावा आणि सरळ पोळ्याची मिरवणूक रंगवावी असाही विचार तिने बोलून दाखवला.

वाट त्याच सालदाराने दाखवली. शिंगे खाली असलेला बैल कधी दिसतच नाही का, असे तिने विचारल्यावर तो म्हणाला, "खांद शेकाले घेतला का बैल मान खाली टाकते. तवा समोर उभी राहून पाह्य, शिंगं कोनीकडे जातेत थे."

खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू बसते त्या जागी, तूप आणि हळद लावून पळसाच्या पानाने शेकतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात : "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." रोवणीच्या दिवसांत चिखलात सतत ओढ बसल्याने खांदे सुजतात, तेव्हा काही घरी सणाची वाट न पाहताही शेकतात. त्यामुळे चित्रकर्तीला हे दृश्य पोळ्याच्या पुष्कळ आधी, त्या सालदाराच्या मालकाच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, पाहता आले.

तेथे जे दिसले ते नीट सांगणे आवश्यक आहे, कारण सगळे चित्र त्यावर उभे आहे. त्या जोडीतल्या डाव्या बैलाची शिंगे बाजूंना जाऊन टोकाशी पुढे वळलेली होती. खांद्यावर ऊब लागताच त्याने मान सैल सोडली आणि डोके गव्हाणीच्या काठापर्यंत खाली आले. समोर उकिडवे बसून पाहिले असता शिंगे सरळ पाहणाऱ्याच्या अंगावर रोखलेली दिसत होती. उभे राहून पाहिल्यावर मात्र, म्हणजे डोळा बैलाच्या डोक्याच्या वर आल्यावर, पुढे आलेली टोके दृष्टीला खाली गेलेली दिसू लागली, कान दोन्हीकडे लोंबले, आणि कपाळाची सपाट फळी तेवढी मध्ये उरली. गुंगेरियाच्या पत्र्याची बाह्यरेषा आणि ही बाह्यरेषा एकमेकींच्या बऱ्याच जवळ होत्या. हजारो वर्षांपूर्वी पत्रा कापणाऱ्याने हेच पाहिले होते असा दावा मी करत नाही, तसा दावा करायला काही आधार नाही. चित्रापुरते एवढे पुरे होते की पत्र्यातली शिंगे आणि इथल्या गोठ्यातला बैल एकाच चित्रात खोटे न होता राहू शकत होते.

यातून चित्राचा विषयच बदलला. आखर, तोरण, मिरवणूक, मानाची जोडी हे सगळे बाजूला पडले आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचा कोठा आला. वस्तूने सणातली वेळ निवडली, असे मी म्हणेन. चित्रकर्तीने शिंगांचा आकार सोडून द्यायला नकार दिला म्हणूनच तिला त्या आकाराला योग्य असा क्षण शोधावा लागला. तिने शिंगे सोयीने वर वळवली असती, तर मिरवणुकीचे आणखी एक चित्र तयार झाले असते आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटले नसते.

समितीला हे पटवणे सोपे गेले नाही. पोळ्याच्या चित्रात पोळाच नाही, ही तक्रार उघड होती. शेवटी समितीतल्या वयस्कर कास्तकारांनीच असे मत दिले की मिरवणूक सगळ्या गावाची असते आणि ती दरवर्षी खिडकीतून दिसतेच, खांदशेकणी मात्र ज्याच्या घरी बैल आहेत त्याच्याच घरी होते, आणि आता बैल ठेवणारी घरे कमी होत चालली आहेत. ट्रॅक्टरने चिखलणी होऊ लागल्यापासून गावातील लहान मुलांना तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी जितका ओळखीचा आहे तितका जिवंत बैलाचा खांदा नाही. हा मुद्दा निर्णायक ठरला.

ऋतू कशात दाखवायचा

खाली पाहणारी नजर ठरल्यामुळे चित्रात आकाशाला जागा उरली नाही. वरच्या कडेला कोठ्याच्या दारातून बांधीची एक अरुंद पट्टी तेवढी दिसते. ऋतुचित्रात आकाश नसणे ही अडचण वाटेल, पण मला तो फायदा वाटला. मावळता सूर्य, काळे ढग, इंद्रधनुष्य ही कॅलेंडरी साधने आपोआप बाद झाली आणि ऋतू जमिनीवरच्या वस्तूंतून दाखवावा लागला.

येथे काटेकोरपणा लागतो. समितीतील एका उत्साही सभासदाने दारात फुललेला पळस मागितला. पळस फुलतो माघ-फाल्गुनात, श्रावणात त्याला नुसती मोठी, गर्द, जाड पाने असतात, आणि खांदशेकणीत तीच पाने वापरली जातात. पळसाचे फूल घातले असते तर चित्र सहा महिने चुकले असते. दुसऱ्याने सारस पक्षी मागितला. त्याची मागणी ऋतूला धरून होती, कारण गोंदियाचे सारस याच दिवसांत धानाच्या बांध्यांत घरटी करतात आणि जिल्ह्याला त्याचा अभिमानही आहे. परंतु कोठ्याच्या दारातल्या त्या अरुंद पट्टीत माणसाएवढा उंच पक्षी घातला असता तर सगळ्यांचे डोळे तिकडेच गेले असते आणि बैल मागे पडला असता. सारस वगळला. वस्तुस्थितीला धरून असलेली प्रत्येक गोष्ट चित्रात बसवलीच पाहिजे असे नसते.

जे ठेवले ते असे. दारातल्या पट्टीत धान आहे, आणि तो सगळा एकसारखा हिरवा नाही : अलीकडच्या बांधीत हलका, म्हणजे लवकर येणारा, धान पोटरीत आलेला असल्याने किंचित पिवळट, पलीकडे भारी, म्हणजे उशिरा येणारा, धान अजून गर्द. कोठ्याच्या उंबऱ्याशी पावसाचे पाणी साचले आहे. भिंतीतल्या कोनाड्यात उद्यासाठी आणलेल्या बेगडीचे भेंडोळे न उघडता ठेवलेले आहे, खुंटीला घुंगूरमाळ आहे, आणि कोपऱ्यात एका वाडग्यात गेरू भिजत घातलेला आहे. गेरूचे ठसे बैलाच्या अंगावर नाहीत, कारण ते पोळ्याच्या दिवशी बैल धुतल्यावर उमटतात. चित्रकर्तीला हे ठसे फार हवे होते. पत्र्यांतल्या गोल चकत्या तिला तेथे आणता आल्या असत्या. वेळेशी प्रामाणिक राहायचे म्हणून ते सोडावे लागले, आणि चकत्यांचा गोल आकार तिने भांड्यांच्या तोंडांत आणि घुंगरांत नेला.

यात एक बारीक मतभेद झाला. वरून तिरके पाहताना वाडग्याचे तोंड लंबगोल दिसते. तिने ते जवळजवळ पूर्ण गोल काढले, कारण पत्र्यातली चकती सपाट आहे आणि तिला तो सपाटपणा हवा होता. तुपाच्या वाटीपुरते मी ते मान्य केले, कारण वाटी बैलाच्या कपाळाजवळ आहे आणि तेथे सपाटपणा जुळतो. गेरूच्या वाडग्यात मात्र ते उसळून भिंतीवर चढल्यासारखे दिसत होते, म्हणून ते लंबगोल करून घेतले.

दोन्ही बाजूंची सममिती हाही प्रश्न होता. पत्रा सममित आहे. जिवंत बैल क्षणभरही तसा राहत नाही, एक कान हलतो, मान कलते. चित्रकर्तीने घरातला तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी टेबलावर पुढे झुकवून ठेवला आणि त्यावरून डोक्याचा सांगाडा सममित बसवला. मग गोठ्यातल्या रेखाटनांवरून एकच कान, उजवा, माशी उडवावी तसा मागे वळवला. उजवीकडून येणारा हात, त्यातले पळसाचे पान आणि खांद्यावरची हळद एवढाच समतोल मोडणारा भाग आहे. सालदाराचा चेहरा चित्रात नाही, चौकटीने तो कापला आहे. यावर त्याची स्वतःची काही हरकत नव्हती; बोजारा (पोळ्याची बक्षिसी) मिळाल्याशी कारण, असे तो म्हणाला.

चांदीचा रंग

सर्वांत अधिक वेळ रंगावर गेला, आणि माझ्या मते चित्राचे खरे यश तेथेच आहे. समितीची अपेक्षा अशी होती की चांदीच्या वस्तूवरून चित्र आहे तर त्यात चमक असावी. तीन साधने उपलब्ध होती. फाटकांना लावतात तो सिल्व्हर पेंट अॅल्युमिनियमच्या भुकटीचा असतो. तो उजेडात एका बाजूने पांढरा तर दुसऱ्या बाजूने काळपट दिसतो, त्यामुळे त्याच्या शेजारी ठेवलेली कोणतीही छटा स्थिर राहत नाही. चांदीचा वर्ख सुंदर दिसतो, पण हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी चांदी काळी पडते, आणि वर संरक्षक थर दिला तरी कडा आधी जातात. बेगड स्वस्त आणि सणाची म्हणून योग्य, पण ती चिकटवली की चित्र सजावटीच्या सामानात जमा होते.

चित्रकर्तीने धातूचे काहीच वापरले नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग एकमेकांत मिसळले की करडा तयार होतो. निळा वाढवला तर तो थंड होतो, सिएना वाढवला तर उबदार. पांढऱ्यात हे मिश्रण कमी-अधिक घालून तिने करड्यांची एक मालिकाच जाड कागदाच्या पट्टीवर तयार केली आणि ती पट्टी हातात धरून कोठ्यात, अंगणात आणि बांधीवर वेगवेगळ्या वेळी पडताळून पाहिली. ढगाळ संध्याकाळी बैलाच्या पांढुरक्या पाठीवर जो करडा होता तोच, थोड्या अधिक निळाईने, उंबऱ्याच्या पाण्यात होता. छायाचित्रातल्या जुन्या चांदीचा करडाही याच मालिकेत बसत होता. याचा अर्थ असा, की चांदी दाखवण्यासाठी वेगळे काही करण्याची गरजच नव्हती. श्रावणातल्या झाकोळलेल्या उजेडात सगळे गावच त्या रंगाचे असते. चित्राचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्यामुळे करड्यात गेला.

उरलेल्या भागात हिरवा आणि हळद. श्रावणात विदर्भाचा हा भाग इतका हिरवा असतो की नळीतला तयार हिरवा वापरण्याचा मोह होतो. तो वापरला की धान प्लास्टिकचा दिसतो. तिने हिरवा त्याच अल्ट्रामरीनमध्ये पिवळा आणि कणभर सिएना घालून केला, म्हणजे तो करड्याशी नाते ठेवून राहिला. हळद मात्र निर्भेळ ठेवली. तळहाताएवढी जागा, पण पूर्ण चित्रात तेवढेच ऊन आहे.

तांत्रिक बाजूचे थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात प्लाय ओलावा शोषतो आणि एकाच बाजूने प्रायमर दिला असल्यास फळी बाक घेते. त्यामुळे पुढून, मागून आणि कडांनाही प्रायमर देऊन मागे लाकडी पट्ट्यांची चौकट मारली. दमट हवेत अॅक्रेलिक सावकाश सुकते. छटा एकमेकींत मिसळायला ते सोयीचे पडते, पण खालचा थर कच्चा असताना वर ब्रश फिरवला तर तो उचलला जातो, आणि बैलाच्या कपाळावर एकदा तसे झाले. तो भाग खरवडून पुन्हा करावा लागला.

पाटीवरचा मजकूर

चित्राखाली माहितीची छोटी पाटी असावी यावर सर्वांचे एकमत होते. तिच्यावर काय लिहावे यावर नव्हते. "आपला पोळा चार हजार वर्षांचा" असे वाक्य समितीतून पुढे आले आणि ते अनेकांना आवडले. मी आणि चित्रकर्ती दोघांनीही त्याला विरोध केला. गुंगेरियाचा निधी शास्त्रीय उत्खननातून आलेला नाही, तो योगायोगाने सापडला. त्यामुळे कोणत्या थरात, कशासोबत तो होता याची नोंद मिळत नाही. अशा ताम्रनिधींचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात धरला जातो, पण चांदीचे पत्रे कशासाठी होते यावर अभ्यासकांत एकमत नाही. पत्र्यावर बैलाचे डोके आहे आणि आपल्याकडे बैलाचा सण आहे, या दोन गोष्टींतून सण तेवढा जुना ठरत नाही. एका सभासदाने विचारले की कोण तपासायला येणार आहे. वाचनालयाच्या भिंतीवर हा प्रश्न विचारला जावा याचे मला वाईट वाटले. अखेर पाटीवर गुंगेरिया, 1870, वस्तूंची संख्या, जनावरे चारणाऱ्या दोन मुलांचा उल्लेख आणि "या पत्र्याच्या आकारावरून चित्राची रचना केली आहे" एवढेच आले. त्या दोन मुलांचा उल्लेख लोकांना सगळ्यात अधिक भावला, आणि चार हजार वर्षांची मागणी मग कोणी पुन्हा केली नाही.

लावल्यानंतर

चित्र पोळ्याच्या आधी लागले. वाचनालयाच्या आत, सात-आठ फुटांवरून, ते अपेक्षेप्रमाणे दिसते. आखरावरून उघड्या दारातून पाहिले असता मात्र ते एक करडा चौकोन आणि त्यात पिवळा ठिपका एवढेच दिसते, शिंगांची रेषा हरवते. समितीची मूळ इच्छा चित्र बाहेरूनही दिसावे अशी होती आणि ती पुरी झालेली नाही. शिंगे आणि मागची भिंत यांच्या छटांत आणखी फरक ठेवता आला असता, असे माझे मत आहे. चित्रकर्तीचे म्हणणे असे की तसे केले असते तर आतून पाहणाऱ्याला शिंगे कापून चिकटवल्यासारखी दिसली असती. यावर आमचे अजूनही एकमत नाही. चित्रापुढे उभी राहणारी मुले बैलाच्या आधी कोनाड्यातली बेगड शोधतात, हे आम्हा दोघांनाही अनपेक्षित होते.

पुढे तालुक्याच्या गावातील एका कृषी केंद्राने हे चित्र आपल्या दिनदर्शिकेवर छापण्याची परवानगी मागितली, आणि ती चित्रकर्तीकडे मागितली. येथे कायद्याचा एक मुद्दा पुढे आला जो आपल्याकडच्या बहुतेक चित्रकारांना माहीत नसतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याचा असतो. सुरुवातीच्या त्या कागदावर माप, रक्कम आणि मुदत होती, हक्काबद्दल एक शब्द नव्हता. म्हणजे परवानगी देण्याचा अधिकार पोळा समितीचा होता. समितीने ठराव करून परवानगी दिली, मिळालेल्या रकमेचा अर्धा वाटा चित्रकर्तीला दिला आणि तिचे नाव छापण्याची अट घातली. केंद्राला चित्राशेजारी मूळ पत्र्याचे छायाचित्रही हवे होते. पत्रा हजारो वर्षांपूर्वीचा असल्याने त्याच्या आकारावर कोणाचा हक्क नाही, पण ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावरील छायाचित्रे बिगर-व्यावसायिक वापरासाठीच्या परवान्याखाली दिलेली असतात आणि खत-बियाण्यांच्या दुकानाची दिनदर्शिका त्यात बसत नाही. ते छायाचित्र वगळून, त्याच्या जागी चित्रकर्तीने स्वतः काढलेले पत्र्याचे पेन्सिल-रेखाटन देण्याचे ठरले. त्याचा मोबदला वेगळा, आणि या वेळी हक्क कोणाचा ते कागदावर आधी लिहून घेतले आहे.